आधी मोजणी, मग आखणी : धनंजयराव गाडगीळ

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

आपल्या कॉलेजच्या अंकात दरवर्षी एक तरी लेख विश्वेश्वरय्यांवर असतो आणि एक कलाम सरांवर. दोघेही आपल्या लाइनचे, त्यामुळे ते साहजिकच आहे. यंदा मी ज्यांच्यावर लिहितेय ते इंजिनिअर नव्हते. त्यांनी एकही पूल बांधला नाही, एकाही धरणाचं डिझाइन केलं नाही. ते अर्थशास्त्रज्ञ होते. तरीसुद्धा सिव्हिलच्या मुलामुलींनी, त्यातून ज्यांना पुढे एम. प्लॅन. करायचंय त्यांनी आणि माझ्यासारख्या बीड जिल्ह्यातून आलेल्यांनी तर त्यांचं आयुष्य वाचायलाच हवं असं मला वाटतं. त्यांचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

नाव ऐकल्यासारखं वाटत असेल. हॉस्टेलमध्ये जे एमपीएससीचा अभ्यास करतात त्यांना 'गाडगीळ फॉर्म्युला' तोंडपाठ असतो. पण फॉर्म्युल्याच्या मागे एक माणूस होता आणि त्या माणसाने चाळीस वर्षं एकच गोष्ट लावून धरली होती, हे गाइडमध्ये नसतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे पंचवार्षिक योजना म्हणजे पहिली शेतीची, दुसरी अवजड उद्योगांची, एवढं गाळलेल्या जागा भरण्यापुरतं होतं. प्रादेशिक नियोजन हा शिकण्याचा विषय असतो, त्याची विद्यापीठात पदवी मिळते, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. त्या विषयाची पुस्तकं चाळताना परदेशी नावंच जास्त भेटली. मग लायब्ररीच्या एका कोपऱ्यात गाडगीळ भेटले आणि वाटलं, अरे, हे तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात काम करत होते!

गाडगिळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. शालेय शिक्षण नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमध्ये झालं. पुढे ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो भारताचाच : मागच्या साठ-सत्तर वर्षांत इथल्या उद्योगधंद्यांचं काय झालं? रेल्वे आली, दुष्काळ पडले, हातमाग आणि कारागिरी मागे पडली, गावातला कारागीर शेतमजूर झाला, शहरं कशी वाढली आणि का वाढली नाहीत, हे सगळं त्यांनी त्यात मांडलं. हा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला, 'द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स' या नावाने. तेव्हा त्यांचं वय होतं २३. आपण ज्या वयात प्रोजेक्टचं ब्लॅक बुक बाइंडिंगला टाकून मोकळे होतो, त्या वयात त्यांनी लिहिलेलं पुस्तक पुढे अनेक वर्षं अर्थशास्त्राच्या वर्गांत वाचलं गेलं.

परत आल्यावर त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडे दिवस काम केलं. मग १९२५ ते १९३० ते सुरतच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य होते. चोविसाव्या वर्षी प्राचार्य! पण त्यांचं खरं काम सुरू झालं १९३० साली. रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या पुढाकाराने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. तिथे ते १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षं राहिले.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण त्यांनी संस्थेत जे सुरू केलं ते आपल्या सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलशी फार जवळचं आहे. त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे बहुतेक करून इंग्लंडमधली पुस्तकं वाचून त्यावर चर्चा करणं. गाडगिळांनी माणसं फील्डवर पाठवली. सुरुवातीच्या पाहण्यांतली एक होती पुण्याच्या फळबाजाराची. फळ बागेतून निघतं ते गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती हातांतून जातं आणि प्रत्येक हात किती पैसे ठेवून घेतो, याचा तो अभ्यास. ती पाहणी १९३३ ला छापून आली. विषय किती साधा! पण याआधी तो कोणी नीट मोजला नव्हता.

मग त्यांनी अख्खं पुणे शहरच मोजायला घेतलं. १९३६-३७ च्या सुमारास घरोघर जाऊन माहिती गोळा केली गेली. घरात माणसं किती, कमावतं कोण, धंदा काय, उत्पन्न किती, खोल्या किती, भाडं किती, मूळ गाव कुठलं. कॉम्प्युटर नाही, एक्सेल शीट नाही. सगळे तक्ते हाताने. त्याचा पहिला भाग १९४५ ला आणि दुसरा १९५२ ला प्रसिद्ध झाला. मधे महायुद्ध झालं, फाळणी झाली, शहर बदललं, म्हणून १९५४ च्या सुमारास संस्थेने पुन्हा पाहणी केली. ते काम त्यांचे सहकारी नी. वि. सोवनी यांनी केलं. एकदा मोजलं आणि झालं, असं शहराचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. आपण लेव्हलिंग करताना सुरुवातीच्या बेंचमार्कवर परत येऊन एरर तपासतो ना, तसंच काहीसं.

याच पद्धतीने त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशोब मांडला. आणि त्यानंतर आलं ते काम, ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी.

सिव्हिलवाल्यांना पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत इंग्रज सरकारने दुष्काळी भागासाठी कालवे काढले होते. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पूर्ण झालं. सरकारचा हिशोब सरळ होता. धरणावर, कालव्यावर खर्च किती झाला आणि पाणीपट्टीतून वसूल किती झाले? वसुली कमी, म्हणजे कालवा तोट्यात. गाडगिळांनी विचारलं की कालव्याचा फायदा फक्त पाणीपट्टीतच दिसतो का? त्यांनी पाण्याखालची गावं आणि तशाच प्रकारची कोरडवाहू गावं अशी तुलना केली. पीक किती वाढलं हा झाला प्रत्यक्ष फायदा. पण मजुराला काम किती मिळालं, बाजारपेठ किती वाढली, गाड्या, दुकानं, गूळ-साखरेचा व्यापार, सरकारला इतर मार्गांनी मिळणारा महसूल, हे सगळे अप्रत्यक्ष फायदेही त्यांनी मोजायला घेतले. हा अहवाल १९४८ ला प्रसिद्ध झाला. आपण आज इरिगेशनच्या पेपरात बेनिफिट-कॉस्ट रेशोवर पाच मार्कांचं उत्तर लिहितो. आपल्या देशात त्याची पहिली मोठी गणितं मांडणाऱ्यांमध्ये गाडगीळ होते, तेही नगर जिल्ह्याच्या मातीत उभं राहून.

आणि ते मोजून थांबले नाहीत. कालव्याच्या भागात ऊस होता, पण शेतकरी कर्जात होता. साखर कारखाने खासगी मालकांचे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना एकत्र करून स्वतःचा कारखाना काढायच्या मागे लागले होते. गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले. सरकारच्या बाजूने वैकुंठभाई मेहता होते. १९५०-५१ ला प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम निघाला आणि गाडगीळ सुरुवातीची अनेक वर्षं त्या कारखान्याचे अध्यक्ष होते. केंब्रिजचा एम. लिट. झालेला, इंग्रजी ग्रंथ लिहिणारा प्रोफेसर आणि फारसं औपचारिक शिक्षण नसलेले विखे पाटील, ही जोडी मला फार आवडते. एकाला आकडे कळत होते, दुसऱ्याला माणसं. खरं तर दोघांनाही दोन्ही कळत होतं, म्हणूनच ते जमलं. पुढे महाराष्ट्रभर जे सहकारी कारखाने उभे राहिले त्यांना वाट दाखवली ती या प्रयोगाने.

इथपर्यंत ही गोष्ट यशाची आहे. आता मला बीड आणायचंय.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. प्रवरा नेवाशाजवळ, प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिथून खाली पैठणचं जायकवाडी. जायकवाडीच्या खाली गोदावरी आमच्या गेवराई, माजलगावच्या कडेने जाते. म्हणजे लोणी आणि बीड ही काही वेगवेगळी दुनिया नाही, एकाच खोऱ्याची वरची आणि खालची बाजू आहे. दुष्काळात वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही यावरून जे भांडण पेटतं ते यामुळेच. गोदाकाठ सोडून जरा वर चढलं की बालाघाटचे डोंगर लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज. हलकी जमीन, कमी पाऊस. आष्टी-पाटोद्याची शीव तर नगर जिल्ह्याला लागूनच.

कारखान्याला ऊस लागतो आणि ऊस तोडायला माणसं लागतात. कारखाने वाढत गेले, १९७२ चा दुष्काळ पडला आणि बालाघाटावरची माणसं दरवर्षी ऊसतोडीला जाऊ लागली, ती अजून जातायत. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हायचं, बैलगाडी किंवा ट्रॅक्टरमध्ये संसार भरायचा आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या तळावर पालात राहायचं. परत यायचं ते पाडव्याच्या आसपास. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं. माझ्या आजोळी अख्ख्या गल्लीत दोन-तीन घरांतच दिवा दिसतो, बाकी घरांना कुलूप. हे सांगण्यासारखं काही वेगळं आहे असं आम्हाला लहानपणी वाटतही नव्हतं. सगळीकडे असंच असतं असं वाटायचं.

मग मला प्रश्न पडतो. गाडगिळांच्या त्या तक्त्यात, जिथे कालव्याचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष फायदे मांडले होते, तिथे आमचा कोयता कोणत्या रकान्यात बसतो? फायद्यात, कारण कोरडवाहू माणसाला सहा महिने काम मिळालं? की खर्चात, कारण पोराची शाळा बुडाली, बाईच्या तब्येतीची वाट लागली आणि उचल फिटतच नाही? लोणीच्या हिशोबात तो नाही, कारण तो तिथला नाही. बीडच्या हिशोबात तो नाही, कारण तो हंगामात इथे नाही.

हा दोष मी गाडगिळांवर टाकत नाहीये. त्यांची पाहणी झाली तेव्हा ही एवढी ये-जा सुरूच झाली नव्हती. उलट मला असं वाटतं की या प्रश्नाला हात घालायची रीत त्यांच्याकडेच सापडते. ती कशी, हे कळायला त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग बघावा लागतो.

१९६६ ला ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ ला दिल्लीला गेले, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून. वय ६६. दिवस कठीण होते. युद्ध आणि दुष्काळामुळे पंचवार्षिक योजना थांबलेली, वर्षावर्षाच्या योजनांवर देश चाललेला. केंद्राकडून राज्यांना योजनेसाठी पैसे मिळायचे, पण कोणाला किती याचा पक्का नियम नव्हता. ज्याचं दिल्लीत वजन जास्त त्याचं काम सोपं. गाडगिळांनी तिथे नियम आणला. चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून, आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीरची गरज आधी बाजूला काढायची आणि उरलेले पैसे असे वाटायचे : ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. हाच तो गाडगीळ फॉर्म्युला. पुढे १९८० आणि १९९१ ला त्यात बदल झाले. नियोजन आयोगच गेला आणि १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला, तेव्हा या वाटपाचाही काळ संपला.

माझं मत विचाराल तर गरिबीला फक्त १० टक्के वजन, हे कमीच होतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा फॉर्म्युला राज्याराज्यांमधला होता. महाराष्ट्राची सरासरी चांगली, म्हणून महाराष्ट्र पुढारलेला. त्या सरासरीत मुंबई-पुणंही आलं आणि पाटोदाही आला. आपल्याला स्ट्रक्चरमध्ये शिकवतात की बीमचा सरासरी स्ट्रेस बघून चालत नाही. तडा जायचा तिथेच जातो, जिथे ताण सगळ्यात जास्त असतो.

हे गाडगिळांना ठाऊक होतं. म्हणून ते सारखे जिल्ह्याकडे येत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की योजना दिल्लीत किंवा मुंबईत बसून वरून खाली सोडून चालत नाही. जिल्हा हे एकक धरा, तिथली जमीन, पाणी, माणसं, बाजार, रस्ते यांची पाहणी करा आणि तिथून वर या. त्यांच्या काळातच, १९६९ ला, नियोजन आयोगाने जिल्हा योजना कशा कराव्यात याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांना पाठवल्या. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने बँकांसाठीही हाच विचार मांडला, की क्षेत्र ठरवून त्याची जबाबदारी घ्या. त्यातून लीड बँक योजना आली. आजही प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, तिची मुळं इथे आहेत.

१९७१ साली ते दिल्लीच्या जबाबदारीतून मोकळे झाले आणि पुण्याकडे परतत असतानाच ३ मे रोजी त्यांचं निधन झालं. सत्तर वर्षांचं आयुष्य, त्यातलं बहुतेक मोजण्यात, आखण्यात आणि लोकांना पटवण्यात गेलं.

ते गेल्यावर काम थांबलं नाही. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात जिल्हा नियोजन मंडळं आली. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला घटनेतच जागा मिळाली. १९७५ ला गोखले संस्थेने मराठवाडा विभागाच्या नियोजनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांमध्ये सुलभा ब्रह्मे होत्या, म्हणजे गाडगिळांच्याच कन्या. (पश्चिम घाटाच्या अहवालामुळे माहीत असलेले माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.) १९८३ ला राज्य सरकारने वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दांडेकरही गोखले संस्थेचेच. त्यांनी रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असं एकेक क्षेत्र घेऊन प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजलं. एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. आज 'अनुशेष' हा शब्द आमच्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. तो शब्द आकड्यांनिशी आला तो या घराण्यातून. बीडला रेल्वे पोहोचायला २०२५ साल उजाडलं, यावरून मोजणं आणि प्रत्यक्ष होणं यातलं अंतरही कळतं.

आता परत कोयत्याकडे येते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. आपण हा आकडा पाणीपुरवठ्याच्या प्रोजेक्टला घेतो, फोरकास्टिंगला घेतो. पण ही मोजणी झाली कधी? ९ ते २८ फेब्रुवारी २०११. ऐन गळीत हंगामात. जो त्या दिवसांत सगळा वेळ जिथे आहे तिथे तो मोजला जातो. म्हणजे कागदावरचा बीड जिल्हा हा फेब्रुवारीतला बीड जिल्हा आहे, कुलपं लावलेल्या घरांचा. जूनमधला बीड वेगळा असतो. तेव्हा माणसंही जास्त, जनावरंही जास्त, आणि पाऊस लांबला तर टँकरही जास्त लागतात. २०२७ च्या जनगणनेसाठीही १ मार्च हाच संदर्भ दिनांक ठरलेला आहे.

गाडगीळ असते तर त्यांनी काय केलं असतं ते मी कशी सांगणार? पण त्यांनी पुणं दोनदा मोजू दिलं, कालव्याचा हिशोब पाणीपट्टीच्या बाहेर नेला आणि योजनेचं एकक राज्यावरून जिल्ह्यावर आणलं. त्या प्रत्येक वेळी त्यांनी एकच काम केलं : हिशोबाची रेघ थोडी बाहेर सरकवली, म्हणजे जे सुटलं होतं ते आत आलं. प्लॅनिंग शिकायचं म्हणजे रंगीत नकाशे काढायला शिकायचं असं मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं असतं. आता वाटतं, रेघ कुठे मारायची हे ठरवायला शिकणं म्हणजे प्लॅनिंग. ती रेघ जिल्ह्याच्या शिवेवर मारली तर ऊसतोड कामगार दोन्हीकडून बाहेर पडतो. खोऱ्यावर मारली, वरचं लोणी आणि खालचं गेवराई एकाच कागदावर घेतलं, तर तो मधोमध येतो.

आपल्या कॉलेजचा एन.एस.एस. कॅम्प दर हिवाळ्यात एखाद्या गावात जातो. आपण शोषखड्डे खणतो, भिंती रंगवतो, पथनाट्य करतो. यंदाच्या कॅम्पसाठी एक सूचना आहे, सर आणि मॅडम वाचत असतील तर त्यांनाही. ज्या गावात जाऊ तिथली घरं मोजूया. उघडी किती, कुलूपबंद किती, आत कोण आहे, बाहेर कोण गेलंय, कुठे गेलंय, शाळेच्या पटावर किती आणि वर्गात किती. एक वही, एक टेप आणि दोन दिवस पुरतात. आणि मग परीक्षा संपल्यावर, जूनमध्ये, आठ-दहा जणांनी त्याच गावात परत जायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. तो तक्ता पुढच्या अंकात छापू.